पहिला सर्व्हर पडला तर कॉल कुणाकडे? बॅकअपचा क्रम लावताना काय बघायचं

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. एसआयपीवर (इंटरनेटसारख्या जाळ्यावरून कॉल जोडायच्या नियमांवर) चालणाऱ्या टेलिफोन नेटवर्कमध्ये एक मुख्य कॉल सर्व्हर आहे. त्याच्या शेजारच्याच रॅकमध्ये तेवढ्याच क्षमतेचा दुसरा, दुसऱ्या शहरात तसाच तिसरा, आणि भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये नवा, दुप्पट क्षमतेचा चौथा. मुख्य बंद पडला तर कॉल कोणत्या क्रमाने जावेत, सगळ्यात दणकट म्हणून चौथ्याला पुढे घ्यावं का, किती सेकंदांत वळवावं, आणि मुख्य परत आला की सगळं आपोआप त्याच्याकडे जाऊ द्यावं का?

चौथ्याला पुढे घेऊ नका, निदान तो दणकट आहे एवढ्यासाठी तरी नाही. क्षमता हा क्रम ठरवतानाचा तिसरा मुद्दा आहे. पहिला मुद्दा: ज्या कारणाने मुख्य पडला त्याच कारणाने हाही पडेल का? दुसरा: कॉल लावायला लागणारी माहिती याच्याकडे आत्ता, या क्षणी आहे का? ही दोन उत्तरं हातात आली की मग भाराचं गणित.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. क्रम सर्व्हरमध्ये राहत नाही. तो राहतो कॉल पाठवणाऱ्याकडे: फोनमध्ये, एसबीसीमध्ये (नेटवर्कच्या सीमेवर कॉल तपासून आत-बाहेर सोडणाऱ्या यंत्रात), समोरच्या कंपनीच्या ट्रंकच्या, म्हणजे दोन कंपन्यांमधल्या जोडणीच्या, कॉन्फिगरेशनमध्ये. मेलेला सर्व्हर कुणाला 'आता त्याच्याकडे जा' असं सांगू शकत नाही, म्हणून निर्णय नेहमी पाठवणारा घेतो. एसआयपीमध्ये त्याला यादी मिळते ती बहुधा डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेच्या) एसआरव्ही रेकॉर्डमधून, म्हणजे एका सेवेचे सर्व्हर कोणते ते सांगणाऱ्या नोंदीतून. ती कशी वाचायची हे आरएफसी ३२६३ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात २००२ सालीच लिहून ठेवलं आहे. प्रत्येक सर्व्हरला दोन आकडे असतात, प्रायॉरिटी आणि वेट, दोन्ही ० ते ६५५३५. प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान तितका नंबर आधी. प्रायॉरिटी सारखी असलेल्या सर्व्हरांमध्ये वेटच्या प्रमाणात कॉल वाटले जातात. वरच्या पातळीतला एकही उत्तर देत नसेल तरच खालच्या पातळीकडे जायचं.

आता गंमत नाही, खरा धोका सांगतो. त्याच इमारतीत व्हर्च्युअल आयपी (अनेक यंत्रांत मिळून एकच, चालू असेल त्याच्याकडे जाणारा पत्ता) सांभाळायला तुम्ही व्हीआरआरपी ही पद्धत वापरत असाल, तर तिथे नियम बरोबर उलटा आहे. बॅकअपना १ ते २५४ मधला आकडा द्यायचा आणि मोठा आकडा जिंकतो. ५जी कोअरमध्ये (मोबाइल नेटवर्कच्या मध्यवर्ती भागात) एनआरएफकडे, म्हणजे कोणती सेवा कोण देतं याची यादी ठेवणाऱ्या घटकाकडे, नोंदवलेली प्रायॉरिटी पुन्हा एसआरव्हीसारखी, लहान आकडा आधी. एकच माणूस एकाच रात्री तिन्ही ठिकाणी आकडे भरतो तेव्हा बॅकअप मुख्य होऊन बसतो, आणि नेटवर्क सुरळीत चालू असल्यामुळे ते महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून क्रम आधी कागदावर शब्दांत लिहा, 'आधी हा, मग हा', आणि त्यावरून प्रत्येक ठिकाणचे आकडे काढा. आकडे १, २, ३ असे चिकटून देऊ नका. १०, २०, ३० द्या, उद्या मध्ये एक घुसवायची वेळ येतेच.

आता पहिला मुद्दा. शेजारच्या रॅकमधला दुसरा सर्व्हर पॉवर सप्लाय जळाला, डिस्क गेली, प्रोसेस कोसळली अशा बिघाडांत सोन्यासारखा. पण त्या इमारतीची वीज गेली, फायबर तुटलं, वरचा राउटर बिघडला, तर दोघे एकाच वेळी जातात. दुसऱ्या शहरातला तिसरा यातून वाचतो. पण तिघांवर एकच सॉफ्टवेअर, त्याची एकच आवृत्ती आणि एकच सर्टिफिकेट (मुदत असलेलं डिजिटल ओळखपत्र) असेल तर अंतराचा काहीच उपयोग नाही. ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या ग्राहकांचा मोबाइल डेटा बंद पडला तो याच जातीच्या बिघाडाने. एरिक्सनच्या एसजीएसएन-एमएमई नोड्सवरच्या (मोबाइलची हजेरी आणि डेटा जोडणी सांभाळणाऱ्या यंत्रांवरच्या) सॉफ्टवेअरमधल्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती, आणि त्याच दिवशी जपानच्या सॉफ्टबँकसह इतर देशांतल्या कंपन्यांनाही तोच फटका बसला. मुदत सगळीकडे एकाच क्षणी संपते. त्यापुढे कितवाही बॅकअप असला तरी तो मुख्याचीच सावली. म्हणून चारांतला निदान एक सर्व्हर मुद्दाम एक आवृत्ती मागे ठेवा, आणि सर्टिफिकेटांच्या तारखा वेगवेगळ्या घ्या. याला खर्च जवळजवळ नाही.

दुसरा मुद्दा माहितीचा, आणि इथेच तुमचा चौथा सर्व्हर मागे पडतो. कॉल सर्व्हरला निदान तीन गोष्टी ठाऊक हव्यात: ग्राहकाचं खातं आणि त्याच्या सेवा, त्याचा फोन आत्ता कोणत्या पत्त्यावर नोंदलेला आहे, आणि चालू कॉल कोणते. खात्यांची प्रत रात्री एकदा गेली तरी निभावतं. नोंदणीची प्रत मात्र सतत जायला हवी, कारण घरगुती राउटरमागच्या फोनचा पत्ता केव्हाही बदलतो. ज्या सर्व्हरकडे नोंदणी नाही तो बाहेर जाणारा कॉल लावेल, पण आत येणारा कॉल कुठे पोचवायचा हे त्याला कळणारच नाही. ग्राहकाच्या दृष्टीने फोन चालू आहे आणि कुणी करतच नाही! तक्रारसुद्धा येत नाही. चौथ्या सर्व्हरवर नोंदणीची प्रत लगोलग जात असेल तर त्याला तिसऱ्याच्या बरोबरीला आणा. रात्रीच्या प्रतीवर भागवत असाल तर तो शेवटचाच, मग क्षमता दुप्पट असो की दहापट.

आता भार. मी पाहिलेल्या बहुतेक याद्या एकापुढे एक अशा सरळ रांगेत असतात, आणि नेमकी ती रांगच घात करते. समजा चार सारखे सर्व्हर आहेत, प्रत्येकावर आपापल्या भागाचा ७० टक्के भार आहे, आणि प्रत्येकाचा बॅकअप म्हणून पुढचा नेमला आहे. पहिला पडला की दुसऱ्यावर एकदम १४० टक्के येतात. तो कोसळतो आणि तिसऱ्याच्या डोक्यावर २१० टक्के टाकतो. तोच भार उरलेल्या तिघांत वाटला असता तर प्रत्येकावर ९३ टक्के आले असते. तेही काठावरच, पण नेटवर्क उभं राहिलं असतं. म्हणून एकाच पातळीवर ठेवता येतील तेवढे सर्व्हर एकाच पातळीवर ठेवा आणि वेटने वाटा. रांग फक्त पातळ्यांची असावी.

एसएस७ या जुन्या, कॉल जोडायचे संदेश नेणाऱ्या नेटवर्कमध्ये ही शिस्त मुरलेली होती. एसटीपी, म्हणजे ते संदेश पुढे पाठवणारे स्विच, नेहमी जोडीने बसवायचे आणि प्रत्येक सिग्नलिंग लिंकवर गर्दीच्या वेळीही ०.४ अर्लांगपेक्षा (लिंक ४० टक्के वेळ व्यापलेली) जास्त भार येऊ द्यायचा नाही. जोडीतला एक गेला तर दुसऱ्यावर ०.८ येतात आणि तो ते पेलतो. दोघेही रोज काम करत असल्यामुळे बॅकअप चालतो की नाही असा प्रश्नच उरत नसे. तुमच्याकडे गर्दीच्या वेळी सेकंदाला ८० नवे कॉल येतात आणि तुमचे पहिले तिन्ही सर्व्हर प्रत्येकी १०० पेलतात असं धरू. मग मुख्य आणि दुसरा दोघांनाही प्रायॉरिटी १०, वेट ५० आणि ५०. रोज प्रत्येकावर ४०. एक गेला तर दुसऱ्यावर ८०. इमारतच गेली तर प्रायॉरिटी २० वाला तिसरा. चौथ्याची माहिती ताजी असेल तर तोही २० वरच, तिसऱ्याचं वेट १ आणि चौथ्याचं २. म्हणजे साधारण २७ आणि ५३. नसेल तर चौथा ३० वर. नुसता बसून राहिलेला सर्व्हर हा माझ्या मते बॅकअप नव्हे, ती एक आशा आहे.

कॉलच्या भाराचं गणित बसलं तरी नोंदणीचं बसेलच असं नाही. तुमचे दहा लाख फोन दर तासाला एकदा नोंदणी करत असतील तर सेकंदाला सरासरी २७८ विनंत्या येतात. मुख्य इमारत गेली आणि सगळे फोन एका मिनिटाच्या आत तिसऱ्याकडे धावले, तर तेच सेकंदाला साडेसोळा हजारांवर जातं. शिवाय प्रत्येक नोंदणीला आधी ४०१ ('ओळख पटवा' असं उत्तर) देऊन पासवर्डची खातरजमा करायची, म्हणजे विनंत्या दुप्पट. सर्व्हर उत्तर द्यायला उशीर करतो, फोन तीच विनंती पुन्हा पाठवतो, आणि वादळ स्वतःच स्वतःला खाऊपिऊ घालतं. आरएफसी ५६२६ मध्ये यावर उपाय दिला आहे: सगळे मार्ग बंद दिसले तर फोनने ३० सेकंदांचा पाया धरून दर अपयशाला थांबण्याचा काळ दुप्पट करायचा, जास्तीत जास्त १८०० सेकंदांपर्यंत, आणि त्या काळाच्या ५० ते १०० टक्क्यांमधला कुठलाही क्षण निवडायचा. हा विस्कळीतपणाच वाचवतो. फोन विकत घेताना ही सोय आहे का ते विचारा, कारण नंतर लाखो फोनांचं फर्मवेअर बदलणं सोपं नाही. त्याला जोड म्हणून नोंदणीची प्रत बॅकअपवर असली की नव्याने नोंदणी करायची घाईच राहत नाही.

बॅकअप स्वतः गुदमरायला लागला तर त्याने काय म्हणावं, हेही आधीच ठरवा. ५०३ ('सध्या सेवा नाही' असं उत्तर) देऊन त्यात 'इतक्या सेकंदांनी या' असं सांगायची सोय आहे, पण ते ऐकून पाठवणारा त्याच्याकडे काहीच पाठवत नाही आणि सगळा लोंढा पुढच्यावर लोटतो. तो भरला की परत इकडे. असे हेलकावे टाळण्यासाठी २०१४ मध्ये आरएफसी ७३३९ आला. त्यात सर्व्हर 'एवढे टक्के कमी करा' असं सांगतो. तुमच्या एसबीसीत ते असेल तर चालू करा. आणि काहीही नाकारायची वेळ आली तरी आपत्कालीन क्रमांकाचे कॉल त्या कात्रीतून बाहेर ठेवा. त्यांच्यासाठी वेगळी यादी असावी, जिच्यात चौथा सर्व्हरही असेल. हे कॉल बाहेर जाणारे असल्यामुळे त्याच्याकडची शिळी नोंदणी इथे आड येत नाही.

किती सेकंदांत वळवायचं? इथे ठरावीक टायमर तसेच ठेवले तर फसगत होते. यूडीपीवरून (पोचल्याची पावती न देणाऱ्या पद्धतीने) गेलेला इनव्हाइट, म्हणजे कॉल लावायची विनंती, उत्तराविना राहिला तर पाठवणारा तो अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग दीड, साडेतीन, साडेसात, साडेपंधरा आणि साडेएकतीसाव्या सेकंदाला. एकूण सात वेळा. ३२ व्या सेकंदाला टायमर बी संपतो आणि मगच यादीतला पुढचा सर्व्हर. कानाला फोन लावलेला माणूस ३२ सेकंदांची शांतता सहन करत नाही. तो कट करून पुन्हा लावतो, आणि तो नवा कॉलही आधी त्याच मेलेल्या सर्व्हरकडे जातो. म्हणजे कागदावर उत्तम क्रम असूनही सेवा बंदच. उपाय दोन. पुढच्या सर्व्हरकडे वळायचा टायमर एसबीसीत तीन-चार सेकंदांवर आणा. आणि मुख्य म्हणजे कॉल येण्याची वाट न बघता दर काही सेकंदांनी ऑप्शन्स ('आहेस का?' असं विचारणारा संदेश) पाठवून सर्व्हर तपासत राहा, उत्तर नाही आलं की यादीतून तात्पुरता वगळा. मेलेला आहे हे पहिल्या ग्राहकाने शोधून काढायचं नसतं.

मात्र ऑप्शन्सला २०० ओके आलं म्हणजे सर्व्हर ठीक, असं समजू नका. अनेक ठिकाणी ते उत्तर सगळ्यात बाहेरचा थर देतो. मागचा डेटाबेस अडकलेला असला तरी हा आपला तत्परतेने ओके म्हणत राहतो, आणि कॉल मात्र एकही लागत नाही. मेलेल्यापेक्षा असा अर्धमेला सर्व्हर जास्त नुकसान करतो, कारण तो झटपट नकार देतो, मोकळा दिसतो, आणि कमी भार बघून वाटणी करणाऱ्या व्यवस्था आणखी कॉल त्याच्याकडेच ढकलतात. तपासणी अशी हवी की जी डेटाबेसपर्यंत जाऊन येते. जमल्यास एका चाचणी क्रमांकावर खरा कॉल. आणि उलटी बाजूही सांभाळा: तपासणाऱ्याचीच लिंक तुटली तर त्याला चारही मेलेले दिसतील. 'सगळे मेलेले' असा निष्कर्ष आला की तो खोटा माना आणि आधीच्या यादीवरच कॉल पाठवत राहा. ज्या जोडीत एकाच वेळी एकानेच सक्रिय असायला हवं, तिथे तिसऱ्या जागी एक साक्षीदार ठेवा. नाहीतर मधली लिंक तुटली की दोघेही स्वतःला मुख्य समजतील.

डीएनएसबद्दल एवढंच: बिघाडाच्या वेळी रेकॉर्ड बदलायला बसू नका. फोन जुनी यादी टीटीएल (रेकॉर्ड धरून ठेवायची मुदत) संपेपर्यंत धरून ठेवतात, काही त्यानंतरही. चारही सर्व्हर पहिल्या दिवसापासून रेकॉर्डमध्ये असू द्या.

चालू कॉलचं काय? आवाज दोन टोकांमधून किंवा एसबीसीतून थेट वाहत असेल तर कॉल सर्व्हर पडल्यावरही बोलणं चालू राहतं. अडतं ते फोन ठेवताना. बाय, म्हणजे कॉल संपवायचा संदेश, जातो रेकॉर्ड-रूटमध्ये (कॉल लावतानाच नोंदलेल्या वाटेत) लिहिलेल्या पत्त्यावर, आणि तिथे मेलेल्या सर्व्हरचा आयपी कोरलेला असेल तर तो पोचतच नाही. कॉल संपूनही बिलात चालू राहतो. रेकॉर्ड-रूटमध्ये आयपीऐवजी नाव लिहिलं तर तोच एसआरव्हीचा क्रम इथेही कामाला येतो, फक्त बॅकअपकडे त्या कॉलची नोंद हवी. शिवाय सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे का ते ठरावीक काळाने तपासणारा) चालू ठेवा म्हणजे अनाथ झालेले कॉल कधीतरी आपोआप मिटतात.

मोबाइल कोअरमध्ये नावं बदलतात, विचार तोच. एमएमई पूलमध्ये प्रत्येक एमएमई बेस स्टेशनला आपली सापेक्ष क्षमता ० ते २५५ अशा आकड्यात कळवतो, वेटसारखीच. एम३यूएमध्ये (एसएस७चे संदेश आयपीवरून नेणाऱ्या पद्धतीत) ओव्हरराइड (एकच काम करतो), लोडशेअर (सगळे वाटून घेतात) आणि ब्रॉडकास्ट (सगळ्यांना तोच संदेश) असे तीन पर्याय असतात. शक्य तिथे मी लोडशेअरच घेतो, कारण वर एसटीपीच्या जोडीबद्दल सांगितलं तेच.

राहिला परतीचा प्रश्न. आपोआप परत जाऊ देऊ नका, किंवा दिलंच तर खूप सावकाश. बिघाडाइतकंच परतणंही धोक्याचं असतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा १५ जानेवारी १९९० चा. एटी अँड टीचा न्यूयॉर्कमधला एक स्विच बिघडून काही सेकंदांसाठी बाजूला झाला आणि परत कामाला लागला. तो परतल्याचे संदेश शेजारच्या स्विचेसकडे गेले, आणि ते हाताळणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे शेजारी स्वतः रीसेट झाले. ते परतताना त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना तेच संदेश पाठवले. बघता बघता ११४ स्विचेस या फेऱ्यात अडकले आणि लांब पल्ल्याची सेवा सुमारे नऊ तास कोलमडली. त्या स्विचेसवर सॉफ्टवेअर एकच होतं, हेही लक्षात घ्या.

२००३ चा आरएफसी ३५३९ हाच सावधपणा नियमात बसवतो. डायमीटर कनेक्शनवर (ग्राहकांची खातरजमा आणि हिशेब करणाऱ्या यंत्रांमधल्या जोडणीवर) दर ३० सेकंदांनी वॉचडॉग, म्हणजे 'जिवंत आहेस का' असं विचारणारा संदेश, जातो. एक चुकला की कनेक्शन संशयित ठरतं आणि काम लगेच दुसरीकडे वळतं. पण तुटून पुन्हा जुळलेल्या कनेक्शनला लागोपाठ तीन वॉचडॉगना नीट उत्तरं द्यावी लागतात, तेव्हा कुठे ते पुन्हा कामाला लागतं. काढायला एक चूक, घ्यायला तीन पुरावे. तुमच्या ऑप्शन्सच्या तपासणीतही असेच दोन वेगळे आकडे ठेवा. व्हीआरआरपीमध्ये मोठ्या आकड्याचा राउटर परतला की लगेच ताबा घेतो, ती सवय ठरावीक सेटिंगमध्येच चालू असते. ती बंद करा, किंवा काही मिनिटांचा विलंब घाला.

प्रत्यक्षात मी असं करतो. मुख्य सर्व्हर उठला की आधी नोंदणीची प्रत पूर्ण जुळली का ते बघायचं. मग तो १० च्या पातळीवर असतानाच एसबीसीत त्याचं वेट ५० ऐवजी ५ करून कॉल सोडायचे. पंधरा मिनिटं कॉल लागण्याचं प्रमाण आणि उत्तराला लागणारा वेळ दुसऱ्या सर्व्हरशी ताडून बघायचा. ठीक असेल तर २०, मग ५०. गर्दीची वेळ असेल तर हे सगळं रात्रीवर ढकलायचं, कारण दुसरा ८० पेलतो आहे आणि त्याला तशी काही घाई नाही. चालू कॉल कुठेही हलवायचे नाहीत, ते आहेत तिथेच संपू द्यायचे.

आणि हाच सराव तिमाहीतून एकदा ठरवून करा: मुख्य इमारतीतले दोन्ही सर्व्हर कमी गर्दीच्या वेळी यादीतून काढा आणि तासभर सगळी सेवा २० च्या पातळीवर चालवा. त्या तासात समोरच्या कंपन्यांचे येणारे कॉल नीट बघा. आपली यादी आपण बदललेली असते, त्यांच्या ट्रंकवर मात्र तिसऱ्या सर्व्हरचा पत्ता अजून टाकलेलाच नसतो, आणि हे कळायला दुसरा मार्ग नाही.